शेवटच्या ताटाचं तापमान

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा जुन्या शहरातल्या एका स्नेह्यांनी आम्हाला हटकलंच. म्हणाले, "सर, वृद्धाश्रमातलं वरण किती गरम असावं हे सांगायला तत्त्वज्ञानाचा डॉक्टर कशाला पाहिजे? ते तर अन्न-औषधवाल्यांचं काम हाये." त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आकडे त्या शास्त्राचे आहेत आणि आम्ही ते उसने घेणार आहोत. पण आकड्यांच्या आधी एक शब्द येतो, "गरम". शब्दांची चौकशी करणं हा आमचा जुना धंदा.

सतराव्या शतकात जॉन लॉक नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याने एक साधी गोष्ट दाखवली. एक हात गरम झालेला आणि दुसरा थंड पडलेला असेल, आणि दोन्ही हात एकाच पाण्यात घातले, तर ते पाणी एका हाताला थंड लागतं आणि दुसऱ्याला गरम. पाणी एकच. लॉकला यातून मोठा सिद्धांत मांडायचा होता, तो आज बाजूला ठेवू. आपल्याला त्यातलं एवढंच घ्यायचं आहे की हात हे मोजमाप नाही. आता स्वयंपाकघरात या. सकाळपासून शेगडीपुढे उभ्या असलेल्या मावशींना विचारा, वरण गरम आहे का? त्या पातेल्याला बोट लावतील आणि म्हणतील, "गरमच हाये जी." त्या खोटं बोलत नाहीत. त्यांच्या बोटाला चाळीस अंशही गरम लागतं आणि पासष्टही गरमच लागतं. जिवाणूंच्या दृष्टीने मात्र या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तर ते आकडे. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित अन्नासाठी ज्या पाच गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवा आणि थंड ठेवायचं असेल तर ५ अंशांच्या खाली न्या, असं आहे. आपल्याकडे २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम हेच ६० आणि ५ धरून चालतात. आणि एक गोष्ट आमच्या संस्थाचालक मित्रांनी नीट ऐकावी. या कायद्यातली अन्न-व्यवसायाची व्याख्या नफ्यासाठी चालणाऱ्या आणि नफ्याविना चालणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या स्वयंपाकघरांना लागू होते. "आमचं सेवेचं काम आहे" असं म्हटल्याने सुटका होत नाही. होऊही नये.

५ आणि ६० यांच्या मधला पट्टा धोक्याचा. का, ते समजून घेऊ, कारण कारण कळलं की नियम पाठ करावा लागत नाही.

वरण, भात, उसळ शिजवली की त्यातले जवळजवळ सगळे जिवाणू मरतात. जवळजवळ म्हणतो, कारण काही जातींचे जिवाणू संकट आलं की स्वतःभोवती टणक कवच करून बसतात. त्यांना बीजाणू म्हणतात. उकळत्या पाण्यातही ते तग धरतात. आपल्या जेवणाच्या संदर्भात दोन नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. भातात बॅसिलस सीरियस, आणि मोठ्या पातेल्यातल्या दाट वरणात, उसळीत, रश्श्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. अन्न साठ अंशांच्या खाली उतरलं की हे कवचातून बाहेर येतात. आता स्पर्धेला दुसरं कोणी उरलेलं नसतं, सगळे शिजून मेलेले. मोकळं रान मिळतं.

यातल्या परफ्रिंजन्सला सगळ्यात मानवणारं तापमान आहे ४३ ते ४७ अंश. त्या पट्ट्यात तो साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. हिशेब करा. तासाला सहा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे चौसष्ट. दोन तासांत बारा वेळा, म्हणजे एकाचे चार हजार शहाण्णव. आणि आता आम्ही तुम्हाला विचारतो, मे महिन्यात दुपारी दोन वाजता अकोल्यात पारा कुठे असतो?

हसू नका. हाच आजचा खरा मुद्दा आहे. बाहेरच्या देशांतली पुस्तकं सांगतात, शिजवलेलं अन्न "खोलीच्या तापमानाला" दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. ही खोली कोणाची? लंडनची असेल, बॉस्टनची असेल. वीस-बावीस अंशांची. इथे किल्ल्याच्या अंगाने गेलेल्या बोळात, टिनपत्र्याखाली, तीन शेगड्या पेटलेल्या स्वयंपाकघरात खोलीचं तापमान हा शब्दच वेगळा अर्थ घेऊन येतो. वीस अंशांच्या खोलीत झाकण काढून ठेवलेलं वरण धोक्याच्या पट्ट्यातून निदान खाली तरी सरकत राहतं. आमच्याकडे ते पंचेचाळीसपर्यंत उतरतं आणि तिथेच मुक्काम करतं. जिवाणूंसाठी याहून सोयीची उबवणपेटी बनवून घ्यावी म्हटलं तरी मिळायची नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्याने यासाठी पोटनियम केलेला आहे. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर दोन तासांचा एकच तास समजावा. त्यांच्याकडे ही उन्हाळी सहलीपुरती सूचना आहे. वऱ्हाडात दुपारच्या जेवणाला ती मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत रोज लागू होते. तेव्हा भिंतीवर तक्ता लावायचा असेल तर दोन तासांचा लावू नका, एक तासाचा लावा.

कोणी म्हणेल, सर, संध्याकाळी पुन्हा उकळलं की झालं! आपल्याकडे शिळ्या कढीला ऊत आणण्याची म्हण आहेच. यात अर्धं सत्य आहे, आणि अर्धं सत्य जास्त घातक. चांगलं खदखदा उकळलं तर परफ्रिंजन्सचे वाढलेले जिवाणू मरतात, हे खरं. पण भातातल्या बॅसिलसने ओकाऱ्या करणारं विष तयार करून ठेवलं असेल, किंवा वाढणाऱ्याच्या हातावरच्या फोडातून स्टॅफिलोकॉकस जाऊन त्याने विष सोडलं असेल, तर ती विषं उकळून जात नाहीत. जिवाणू मेला, विष राहिलं. वास नाही, चव बदललेली नाही. म्हणून "वास घेऊन पाहिला, चांगलं होतं" हा पुरावा ग्राह्य धरू नये.

गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस आहाराच्या वर्णनात "यातयाम" असा शब्द आला आहे. याम म्हणजे प्रहर, तीन तास. शिजवून प्रहर उलटलेलं ते यातयाम, असा एक अर्थ करतात. शंकराचार्यांनी मात्र नीट न शिजलेलं असा अर्थ घेतला आहे. आमच्या विषयाला दोन्ही अर्थ चालतात. अन्न बिघडण्याच्या वाटा याच दोन, शिजवताना कमी पडणं आणि शिजवल्यावर वेळ जाणं. गीतेत जंतुशास्त्र होतं असा याचा अर्थ कृपा करून काढू नका. ती फॅशन आम्हाला पसंत नाही.

आता हे वृद्धाश्रमातच का बोलायचं? घरोघरी सकाळचं संध्याकाळी खातातच की. खातात, आणि तरुण माणसाचं फार तर एक दिवस पोट बिघडतं. सत्तरी-ऐंशीतल्या शरीराचा मामला वेगळा. पोटातलं आम्ल हा आपला पहिला पहारेकरी. वयाने तो पुष्कळांत ढिला पडतो, आणि ॲसिडिटीच्या रोजच्या गोळीने आपण त्याला झोपवूनच टाकतो. रोगप्रतिकारशक्ती उतरलेली. वास आणि चव मंद झालेली, म्हणजे आंबलेलं आंबलेलं लागत नाही. तहान कमी लागते. त्यात रक्तदाबासाठी पाणी काढायच्या गोळ्या चालू. अशा माणसाला उन्हाळ्यात चार जुलाब झाले तरी तो संध्याकाळपर्यंत सलाईनवर जातो. आणि अंथरुणावरच्या आजी "पोट दुखते" असं सांगतीलच असंही नाही. आश्रयाला आलेल्या माणसाची जीभ तक्रारीला जड असते. मुलांनी आणून सोडलं, इथे दोन घास मिळतात, त्यात नावं कशी ठेवायची? हा मिंधेपणा कोणत्याही थर्मामीटरवर दिसत नाही, पण ताटात शिळं येऊन पडतं ते पुष्कळदा त्याच्याच भरवशावर.

एक उदाहरण इंग्लंडचं देतो. वेकफील्ड गावी स्टॅनली रॉयड नावाचं मनोरुग्णालय होतं, तिथे वृद्ध रुग्णांची संख्या मोठी होती. १९८४ च्या ऑगस्टमध्ये तिथे शिजवलेलं मांस फ्रिजमध्ये न ठेवता कित्येक तास तसंच बाहेर राहिलं आणि नंतर थंडच वाढलं गेलं. साल्मोनेला. ३५५ रुग्ण आणि १०६ कर्मचारी आजारी पडले, १९ रुग्ण दगावले. दगावलेल्यांत कर्मचारी एकही नव्हता. विषाने माणसं निवडली नव्हती, शरीरांची ताकद वेगवेगळी होती एवढंच. आणखी एक तपशील. सरकारी रुग्णालयांची स्वयंपाकघरं तेव्हा राजसत्तेची म्हणून अन्नविषयक कायद्याच्या खटल्यातून सुटलेली असत. या प्रकारानंतर १९८६ मध्ये ती सूट काढून घेतली गेली. आपण मघाशी "आमचं सेवेचं काम आहे" म्हणालो ना, तीच गोष्ट तिथे मुकुटाच्या नावाने चालली होती.

लांबचं कशाला, २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला सप्ताहात एकादशीची भगर-आमटी खाऊन शेकडो माणसं आजारी पडली. रुग्णालयात जागा पुरेना म्हणून झाडांना दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. भगरीला बुरशीची वेगळी भानगड असते, तेव्हा ते उदाहरण तापमानाच्या खात्यात टाकायचं नाही. एका पातेल्याने किती जणांना एकदम आडवं करता येतं, ते मात्र त्यात दिसतं.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे. मोजायचं कुठे?

बहुतेक ठिकाणी, जिथे थर्मामीटर आहे तिथेसुद्धा, पातेल्यात मोजतात. वरण उतरवलं, सुई बुडवली, नव्वद अंश, वहीत लिहिलं, झालं. पण नव्वद अंशांचं वरण कोणीच खात नाही. समजा आश्रमात चाळीस माणसं आहेत. साडेअकराला स्वयंपाक तयार. बारा वाजता प्रार्थना, मग हिंडती-फिरती माणसं पंगतीत बसतात. त्यांना वाढून होतं. मग ज्यांना चालता येत नाही त्यांची ताटं खोल्यांमध्ये जातात. आणि सगळ्यात शेवटी, पाऊण-एक वाजता, ज्यांना भरवावं लागतं त्यांची पाळी येते, कारण भरवणारी बाई एकच आणि ती आधी वाढण्यात गुंतलेली असते. म्हणजे ज्याचं शरीर सगळ्यात कमजोर, त्याच्या ताटात सगळ्यात जास्त वेळ बाहेर राहिलेलं अन्न. ही रचना कोणी दुष्टपणाने केलेली नाही. सोयीसोयीने ती तशी बसली आहे. म्हणून आमचं सांगणं, सुई शेवटच्या ताटात घाला. तिथला आकडा आणि तिथली वेळ वहीत लिहा. पातेल्यातला आकडा तुम्हाला स्वयंपाकाबद्दल सांगतो, शेवटच्या ताटातला आश्रमाबद्दल.

गांधीजींनी रस्किनच्या पुस्तकावरून सर्वोदयाचा विचार घेतला, त्यात शेवटच्या माणसाचा विचार आहे, हे तुम्ही व्याख्यानांतून शंभर वेळा ऐकलं असेल. आम्हीही तो पुष्कळ वर्षं वर्गात शिकवला. सुईचं टोक कुठे ठेवायचं इतका साधा अर्थ त्याला लावता येतो.

यावर उपाय खर्चिक नाहीत. पहिला उपाय क्रम उलटा करण्याचा. भरवायची ताटं आधी काढा, पंगत नंतर बसवा. पंगतीतल्या माणसांना पंधरा मिनिटं थांबता येतं. दुसरा, एकच मोठं पातेलं न करता वरण दोन पातेल्यांत आणि भात दोन वेळा लावणं. दुसरा भात पहिली पंगत बसल्यावर उतरेल अशा बेताने. मावशी सुरुवातीला कुरकुर करतील, त्यांचं कामही थोडं वाढतं, तेव्हा मदतीला माणूस द्या. नुसता उपदेश देऊ नका.

तिसरं, वरण उतरवल्यावर पातेलं उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवा आणि खाली मंद आच असू द्या. लग्नाच्या बुफेत स्टीलच्या भांड्यांखाली गरम पाणी असतं, तोच प्रकार. स्टीलचा हॉट केस घ्यायचा तर एक लक्षात असू द्या, तो अन्न गरम करत नाही, फक्त निवणं लांबवतो. आधी त्यात उकळतं पाणी दहा मिनिटं घालून ठेवा, मग पाणी ओतून द्या आणि अन्न काठोकाठ भरा. अर्धा रिकामा हॉट केस लवकर निवतो. आणि दर वेळी झाकण उघडून "आहे का गरम" पाहणारा माणूस, तो सगळ्यात मोठा शत्रू.

इथे एक अडचण येते आणि ती खरी आहे. साठ अंशांचं वरण थरथरत्या हाताच्या माणसाच्या मांडीवर सांडलं तर काही सेकंदांत भाजतं. वृद्धांची कातडी पातळ असते. म्हणून ठेवायचं तापमान आणि खायचं तापमान वेगळं धरा. साठच्या वर ठेवायचं पातेल्यात. ताटात वाढल्यावर चार-पाच मिनिटं थांबायचं, भरवणारीने आधी स्वतःच्या मनगटावर थेंब घेऊन पाहायचं, मग भरवायचं. आजोबांना कोमट आवडतं म्हणून पातेलंच कोमट ठेवणं, ही चूक फार ठिकाणी प्रेमापोटी होते.

उरलेलं ठेवायचं असेल तर लवकर थंड करावं लागतं, आणि अकोल्यातली खरी पंचाईत तिथे आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं, भांडं गार पाण्यात ठेवा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, त्यात काय गार होणार? बर्फ लागतो, नाहीतर निदान माठाचं पाणी. पातेलंभर दाट वरण मधोमध गरमच राहतं, रात्रभर. तेव्हा ते परातीत पसरा, दोन बोटांच्या वर थर नको, परात बर्फाच्या पाण्यात ठेवा, हलवत राहा, मग फ्रिजमध्ये. गरम पातेलं सरळ फ्रिजमध्ये ठेवलं तर तेही थंड होत नाही आणि शेजारचं दूधही तापतं. आणि दुपारी लाइट गेलेली असेल तर फ्रिज म्हणजे नुसतं कपाट. उन्हाळ्याचे तीन महिने वरण-भात उरवायचाच नाही, कमी पडला तर पुन्हा कुकर लावायचा, हे आम्हाला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. ज्वारीची भाकरी त्या मानाने सभ्य, कोरडी असल्याने ती इतक्या लवकर दगा देत नाही. आपल्या आज्यांनी शेतावर भाकरी, ठेचा, कांदा बांधून दिला आणि वरण घरी ठेवलं, त्यामागे अनुभव होता.

दोन प्रश्न चिठ्ठीवर आले आहेत, ते घेतो.

एका ताईंनी विचारलं आहे, लग्नाचं, तेरवीचं उरलेलं अन्न लोक मोठ्या भावनेने आश्रमात आणून देतात, ते नाकारलं तर अन्नाचा अपमान नाही का होणार? ताई, प्रश्न अवघड आहे, कारण देणाऱ्याची भावना खरी असते. पण बघा, लग्नाची तिथी एप्रिल-मेची. स्वयंपाक सकाळी दहाला झालेला. पंगती तीनपर्यंत चालल्या. साडेचारला गाडी आश्रमाच्या दारात. एक तासाच्या नियमाने ते अन्न कधीच बाद झालेलं आहे, मग पनीर कितीही महाग असो. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये वेगळे नियम केले आहेत, म्हणजे सरकारलाही हा प्रश्न दिसला आहे. आमच्या मते आश्रमाने दारावर दोन प्रश्न विचारावेत, हे शिजलं कधी आणि आतापर्यंत कसं ठेवलं होतं? उत्तर आलं नाही तर हात जोडावेत. गोडाचे कोरडे पदार्थ, बुंदी, शेव, हे वेगळं. आणि ज्याला वाढदिवसाला, पुण्यतिथीला जेवण द्यायचं आहे त्याला सांगावं, भाऊ, शिधा द्या, तूरडाळ-तांदूळ-तूप द्या, आमच्या शेगडीवर शिजवू, तुम्ही स्वतः वाढायला या. वाढायला आला की तो शेवटच्या ताटापर्यंत पोचतो, हा जास्तीचा फायदा.

दुसरा प्रश्न, थर्मामीटर खरं दाखवतो की नाही हे कसं ओळखायचं? सोपं आहे. पेलाभर कुटलेल्या बर्फात थोडं पाणी घाला, ढवळा, सुई मधोमध धरा, भांड्याला टेकू देऊ नका. मिनिटभराने शून्य दिसलं पाहिजे. मग खदखदत्या पाण्यात धरा, वाफेने हात भाजणार नाही असा. तिथे शंभर दिसणार नाही, नव्याण्णवच्या आसपास दिसेल. अकोला समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे-तीनशे मीटर उंच आहे आणि एवढ्या उंचीला पाणी एक अंश आधी उकळतं. तेव्हा एक अंश कमी दिसला म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. ही तपासणी महिन्यातून एकदा करा, आणि सुई दर वेळी वापरण्याआधी आणि नंतर धुऊन पुसून घ्या, नाहीतर एका पातेल्यातलं दुसऱ्यात तुम्हीच नेऊन घालाल.